हॅलोवेहून आलेले विमान

ओर्टनच्या छोट्या धावपट्टीवर सकाळचे ऊन उतरायला फार वेळ लागे. आधी धान्यकोठारांच्या माथ्यावर एक फिकट पिवळी रेघ उमटे. मग ती सावकाश खाली सरकत, कापून नेलेल्या मक्याच्या खुंटांवरचे दहिवर उजळत, तारेच्या कुंपणापाशी येऊन थबके. आणि अखेरीस भेगाळलेल्या डांबरावर अशी निवांत पसरे, जणू तिला पुढे कुठे जायचेच नाही. त्या दिवशी मात्र उन्हाआधीच दोनशे माणसे तिथे पोचली होती.

त्यांना बोलावले होते हार्डवेअरच्या दुकानाचा मालक लायल टॉलेफसन याने. आदल्या संध्याकाळी त्याला फोनवर, विमानांचा मागोवा देणाऱ्या नकाशात, एका खासगी विमानाची नोंद दिसली होती: हॅलोवे ते ओर्टन, सकाळी आठ. ‘ग्रेट रिव्हर’ या बड्या क्रीडासंघटनेचे मुख्यालय हॅलोवेतच होते. संघटनेत एका कॉलेजची जागा वाढणार होती, आणि यंदा फुटबॉलचे बाराही सामने जिंकलेल्या ओर्टन कॉलेजचे नाव महिनाभर चर्चेत होते.

जागा मिळाली, तर टीव्हीच्या हक्कांतून कॉलेजला वर्षाला तीन कोटी डॉलर मिळणार होते. लायल हा आकडा भेटेल त्याला ऐकवी. त्याचे स्वतःचे मागणे मात्र लहान होते. एवढा पैसा आला की कोच ग्रेडी व्हॅनहॉर्नला साजेसा पगार देता येईल, आणि ग्रेडी ओर्टन सोडून जाणार नाही. अकरा वर्षे तो लायलचा शेजारी होता, आणि लायलला दुसरा मित्र नव्हता.

कॅफेवाल्या जोअ‍ॅनने चिलीचे, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याचे, पातेले आणि दालचिनीचे रोल आणले होते. “लायल, त्या फोनकडे इतकं टक लावून बघू नकोस. विमान लाजून परत जाईल.”

“जाऊ दे की. तुझे रोल तरी वाचतील.”

कोणीतरी विचारले, कॉलेजचे अध्यक्ष कसे आले नाहीत? लायलने समजावले की सह्या होईपर्यंत सारे गुप्त असते. अध्यक्षांना काही ठाऊक नसल्याचे सोंग आणावेच लागते. सर्वांना ते पटले.

“हॅलोवे विद्यापीठाने रविवारी आपला कोच हाकलला म्हणे,” जोअ‍ॅन म्हणाली. “म्हणजे पुढच्या वर्षी आपण त्यांच्या संघटनेत गेलो, की आपल्याकडून मार खायला ते मोकळेच!”

सगळे हसले. लायलने आणखी एक रोल मागितला. पहिला त्याच्या हातात तसाच होता.

इतक्यात ग्रेडीचा पिकअप ट्रक फाटकातून आत आला. गर्दीने आरोळी ठोकली, बँडने कॉलेजचे गीत सुरू केले. शेजारी बसलेल्या मरीनने, त्याच्या बायकोने, काळा चष्मा काढला नाही.

लायल धावत गेला. काल रात्रीच ग्रेडी त्याच्याकडे येऊन गेला होता. चार वर्षांपूर्वी नेलेली शिडी त्याने परत केली, बिस्किट नावाचा आपला कुत्रा थोडे दिवस सांभाळशील का असे विचारले, आणि दारातच बराच वेळ रेंगाळला. शिडीवरून लायलने त्याची यथेच्छ थट्टा केली होती.

“एवढी माणसं कोणी जमवली?” ग्रेडीने हळू आवाजात विचारले.

“मी. दुसरं कोण? पाहुण्यांना कळू दे, गाव कसं असतं ते.”

“लायल, मला काल तुझ्याशी बोलायचं होतं.”

“बोलू रे. आधी त्यांना उतरू तर दे.”

ठिपका आकाशात प्रकटला, मोठा झाला, पंखांवर सारे ऊन घेऊन खाली आला. लहान मुले खांद्यांवर चढली. ‘स्वागत’ लिहिलेले कापड दोन टोकांनी ताणले गेले. विमान थांबले, दार उघडले, पायऱ्या खाली आल्या.

एकटा वैमानिक उतरला आणि गर्दीकडे गोंधळून पाहू लागला.

लायल हात पुढे करून पायऱ्यांशी गेला. त्याने वैमानिकाच्या खांद्यावरून आत पाहिले. आठ आसने होती. त्यांतल्या दोनांवर पाण्याची एकेक बाटली ठेवलेली होती. मागे ग्रेडीच्या ट्रकची फळी आपटल्याचा ओळखीचा आवाज झाला, आणि डांबरावरून बॅगांची चाके घरघरत जवळ येऊ लागली.

विमान कुणाला घेऊन आले नव्हते. ते न्यायला आले होते.