जागं व्हायला कुणी नाही

सबिनाचा जंतुसंसर्गाचा ताप उतरेना, तेव्हा डॉक्टर आरेकरांनी तिची गोळी बंद केली. काही वर्षांपूर्वी बसवलेलं वडिलांचं मूत्रपिंड तिच्या शरीरानं स्वीकारावं म्हणून तिच्या पेशींमधलं कायनेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, मुद्दाम बदललं होतं. गोळी घेतली की ते थांबायचं आणि प्रतिकार करणाऱ्या पेशी झोपून राहायच्या.

“आता त्या जाग्या होतील, जंतूंवर तुटून पडतील आणि परक्या मूत्रपिंडावरही. मूत्रपिंड जाईल, इनास, पण पोरगी वाचेल,” डॉक्टर तिच्या वडिलांना म्हणाले.

“जाऊ द्या. माझं दुसरंही घ्या.”

आठवडा उलटला तरी ताप हटला नाही. मूत्रपिंड मात्र उत्तम चाललं होतं. इनासला ते ऐकून बरं वाटलं, पण डॉक्टरांनी मान खाली घातली.

“मूत्रपिंडावर हल्ला झालाच नाही. जुन्या पेशी मरून गेल्या. नव्यांना वाढायलाही गोळीनं थांबवलेलं तेच विकर लागतं, त्यामुळे त्या तयारच झाल्या नाहीत. आता तयार व्हायला महिने लागतील. जागं व्हायला आत कुणी उरलेलंच नाही.”

“इतक्या वर्षांत तिची एकही गोळी चुकवली नाही मी, डॉक्टर.”

“चुकवली असतीत, तर थोड्या तरी नव्या पेशी...” डॉक्टर बोलता बोलता थांबले.

इनासला उरलेलं कळलं. तो उठला आणि लेकीचं कपाळ पुसायला आत गेला.