कै. प्रतिभा खैरे

"ओळखपत्रावर तर सुमन आहे, काकू," वस्तुसंग्रहालयाच्या शुभांगी मॅडम म्हणाल्या. "आणि हे चित्र प्रतिभा खैरे यांचं आहे."

"मीच ती. लग्नात नाव बदललं," सुमनबाई म्हणाल्या.

समोर भिंतीवर त्यांचं चित्र होतं. त्यात ना झाड, ना माणूस. नुसता पिवळा रंग आणि त्याला मधोमध चिरत गेलेला काळा. विसाव्या वर्षी नाशिकच्या चित्रशाळेत काढलेलं. चित्रशाळा बंद पडली, तिथला पसारा इथे आला आणि तेहतीस वर्षांनी चित्राला चौकट मिळाली. खाली पाटी होती: कै. प्रतिभा खैरे. बाई शोधून सापडली नाही, म्हणजे मेलीच असणार, असं कुणा शहाण्याने ठरवून टाकलं होतं. उद्या तसंच संग्रहालयाच्या पुस्तकात छापलं जाणार होतं. सुमनबाईंना मान नको होता, हार नको होता. फक्त ते 'कै.' पुसून हवं होतं.

"शाळेचा दाखला वगैरे?"

दाखले सासूने बंब पेटवायला वापरले होते. माहेरचं कुणी उरलं नव्हतं. साक्षीदार एकच, नवरा. तांदळाच्या ताटात अंगठीने 'सुमन' लिहिलं, ते त्यांनीच. मखमलाबादला शेवंतीचा मळा करणारे चिमाजी धुतलेली टोपी घालून शेजारी उभे होते. सकाळी आपणहून म्हणाले होते, "चल, मी सांगतो त्यांना."

सुमनबाई चित्राजवळ गेल्या. "हा पिवळा फणीने ओढलाय. खाली लाल होता. तो दाबायला तीन आठवडे गेले माझे."

मॅडम विचारत गेल्या, सुमनबाई सांगत गेल्या. चिमाजींना त्यातलं अक्षर कळेना. आपल्या घरात इतकी वर्षं ही कोण बाई भाकऱ्या थापत होती, तेही कळेना.

"दर शनिवारी इथे मुलींना चित्रकला शिकवायला याल?" मॅडमनी विचारलं.

"येईन की!" सुमनबाई हसून म्हणाल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. चिमाजींच्या आलं.

"काका, आधी दोन खोट्या बायका येऊन गेल्यात, म्हणून विचारते. प्रतिभा खैरे याच ना?"

"हिला रांगोळी धड काढता येत नाय," चिमाजी शांतपणे म्हणाले. "प्रतिभा हिची मैत्रीण. तिच्याकडून ऐकलेलं बोलती ही. लय जीव होता तिच्यावर, म्हणून डोक्यावर जरा परिणाम झालाय."

"अहो, काय बोलताय हे?" सुमनबाईंचा आवाज चिरकला. मॅडमनी मायेने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताने सुमनबाईंचा उरलासुरला आवाजही गेला.

"म्हणजे प्रतिभाताई खरंच वारल्या?"

"वारली. मी होतो ना तिथं. सात मे, एकोणीसशे सत्तर."

मॅडमनी हळहळत तारीख लिहून घेतली.

ती त्या दोघांच्या लग्नाची तारीख होती.