डबा आयकतो का?

रेडिओसमोर रतन सकाळपासून पाटावर बसली होती. अडीच वर्षांची पोर, पण पसारा नाही की रडणं नाही. निवेदक बोलू लागला की तीही त्याच्याच चालीवर गुणगुणायची. सूर वर जायचा, खाली यायचा, शब्द मात्र एकही नसायचा. शेजारची पोरं दीड वर्षाची होताच हाका मारायला लागली होती. शिलाईमशीन थांबवून शीला मधूनमधून लेकीच्या ओठांकडं बघे. आता म्हणेल का 'आई'?

कळव्याहून मिठाची टोपली घेऊन आलेली हौसाबाई दारात टेकली. "ए बाय रतन, बग ना इकरं!"

रतननं मान वळवली नाही.

"बहिरी नाय ना गो?"

"काहीतरीच काय! गाणं लागलं की डोलते." शीलाला रागच आला. "मीच बसवते तिला तिथं. चाळीत दहा तऱ्हांचं बोलणं. कानावर शुद्ध पडलं, की शुद्धच बोलेल."

हौसाबाईनं रेडिओला खालून वर न्याहाळलं.

"डबा शुद बोलतो खरा. पन पोरीचं आयकतो का?"

हे शीलाच्या मनातच आलं नव्हतं.

हौसाबाईनं टोपलीतला मिठाचा खडा उचलून रतनच्या जिभेवर ठेवला. पोरीचं तोंड असं वेडंवाकडं झालं, की हौसाबाई खो-खो हसली. रतन तिच्याकडं बघतच राहिली. मग दुसरा खडा घेऊन ती रेडिओकडं गेली, आवाज येतो त्या पुढच्या कापडावर तो दाबून धरला, आणि वाट बघत उभी राहिली.

आत बाजारभाव चालूच होते.

"त्याला नको गो," हौसाबाई म्हणाली. "आयेला दे, आयेला."

रतन वळली. मशीनपाशी येऊन तिनं खडा वर केला. शीलानं वाकून तो तोंडात घेतला, डोळे गच्च मिटले नि तोंड वाकडं केलं. मुद्दाम, जरा जास्तच.

रतन खदखदून हसली. धावत जाऊन तिनं आणखी एक खडा आणला नि शीलाचा पदर ओढला.

"आये!"

'आये नाही बाळा, आई म्हणावं,' शीलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. रतन तिच्या तोंडाकडं टक लावून थांबली होती.

"ओ," शीला म्हणाली.