चेसिस नंबरचा छाप

ट्रकचं पासिंग करायचं तर आधी चेसिस नंबरचा छाप घ्यावा लागतो. गाडीच्या सांगाड्याच्या लोखंडावर कोरलेल्या नंबरवर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, की आकडे कागदावर उमटतात. हडपसरच्या आमच्या अड्ड्यावर हे काम एजंट सर्जेराव करतो. माझ्या गाडीच्या पासिंगची मुदत आजच संपत होती आणि नव्या पासिंगशिवाय गाडी रस्त्यावर काढता येणार नव्हती.

सर्जेरावने पहिला छाप मला दाखवला. आकडे बरोबर होते, पण शेजारी एका बोटाचा ठसा उमटला होता, रेषांसकट.

"तुमचं बोट लागलं असेल," मी म्हणालो.

"माझं बोट कागदाच्या वर हाय, शमशुद्दीनभाई. उमटतं ते खालचं."

मी लोखंडावरून हात फिरवला. नंबर सोडला तर सगळं सपाट होतं. तरी डिझेलच्या फडक्याने पुसून घेतलं.

दुसऱ्या छापात चार बोटं आली. निम्मे आकडे त्यांच्यात बुडाले होते.

 सर्जेराव चाकाशेजारी पुन्हा वाकला आणि त्याने नवा कागद धरला.

"आता पलीकडून दाबू नका," तो वैतागून म्हणाला.

मी त्याच्या मागेच उभा होतो. वाकून पलीकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं.

"सर्जेराव, राहू द्या. कागद सोडा."

"कवाच सोडलाय," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

कागद लोखंडावर तसाच होता आणि कोणीतरी मुठीत धरावा तसा चुरगळत चालला होता.