मैनुद्दीनभाईंची तालीम

“हात फार सुरेख आहे हो तुमचा,” सोंगट्या मांडता मांडता कुसुमताई आगाशे म्हणाल्या, आणि बिलकिसचा घात झाला.

पुढच्याच फटक्याला स्ट्रायकर थेट भोकात. त्याच्या पुढच्याला पुन्हा तेच. कान तापले, गाल तापले, आणि ओठ काही केल्या मिटेनात, आपले हसताहेत! जिल्ह्याच्या कॅरम स्पर्धेची अंतिम फेरी. पहिला गेम हिचा, दुसरा तिचा, तिसरा चालू. आणि ही बया नव्या नवरीसारखी लाजत बसलेली. प्रेक्षकांत बसलेल्या तिच्या अब्बांनी, मैनुद्दीनभाईंनी, कपाळावर हात मारून घेतला.

यंदा जिंकायचंच होतं. गेली दोन वर्षं बिलकिस इथवर येऊन हरली होती, दोन्ही वेळा घाबरून. कुणी खोकलं की बोट थरथरायचं. कुणी ‘अरेरे’ म्हटलं की खेळ खलास. जिंकणारीला राज्य स्पर्धेत जायला मिळणार होतं, आणि बिलकिसनं घरात सांगून टाकलं होतं, “या वेळी नाही जमलं तर कॅरम बंद. बोर्ड देऊन टाकायचा कुणाला तरी.” बोलली हसत, पण त्या दिवशी जेवली नाही.

मैनुद्दीनभाईंचं खडकी बाजारात कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. कॅरममधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पोरीचं मन कच्चं आहे, एवढं मात्र कळत होतं. त्यांनी बोर्ड उचलून दुकानाच्या दारात मांडला आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, “कुकर होईपर्यंत बसा आणि माझ्या पोरीला बोला. मनाला येईल ते बोला.”

पुण्यात आणि ही फर्माईश! लोकांना आनंदाचं भरतं आलं. पेठांमधली माणसं धडधाकट कुकर घेऊन खडकीला यायला लागली. “काय ताई, सोंगटी मारताय की तिची समजूत काढताय?” “राहू द्या हो, कंटाळून जाईल ती आपली आपण भोकात.” एक पेन्शनर तर यायचे, नेम बघायचे आणि नुसतं “असो” म्हणून निघून जायचे. त्या ‘असो’नं बिलकिस आठवडाभर रडली. मग रडू थांबलं. मग हसू यायला लागलं. शेवटी शेवटी तर मागे उभं राहून कुणी वाट्टेल ते बोलो, सोंगटी गुमान भोकात जायची. मैनुद्दीनभाईंनी स्वतः वर्षभर एक चांगला शब्द काढला नाही. काढला तर तालीम बिघडेल, अशी त्यांना धास्ती.

आणि आज काय, तर कुणी टोमणाच मारेना! समोर बसलेल्या कुसुमताई, पक्क्या सदाशिव पेठेतल्या, कितीतरी वर्षं जिल्ह्यात पहिल्या, आणि म्हणतात काय, हात सुरेख आहे. टोमणा असता तर बिलकिसनं लीलया झेलला असता. कौतुकाचं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

तो डाव गेलाच. आता गुण सारखे झाले आणि शेवटचा डाव उरला. पंच पाणी प्यायला वळले. दोघी पुन्हा सोंगट्या मांडायला लागल्या.

मुद्दाम गोड बोलल्या असतील का या? असतीलही. पण इतका वेळ समोर बसून बिलकिसच्या मनात जे साठलं होतं, ते आता आवरेना.

“कुसुमताई, एक बोलू? तुमच्याइतकं शांतपणे खेळणारं मी कुणी पाहिलं नाही. मला तुमच्यासारखं व्हायचंय.”

कुसुमताईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला, तो तिरका. “काहीतरीच तुमचं!” म्हणाल्या, आणि पहिल्याच फटक्याला त्यांचा स्ट्रायकर बोर्डावरून उडून पंचांच्या मांडीवर जाऊन बसला.

मग जे झालं त्याला कॅरम म्हणायचं की आणखी काही, देव जाणे. दोघी लालबुंद. दोघींना हसू आवरेना. ही चुकतेय, ती त्याहून चुकतेय. पंचांनी डोळे वटारून पाहिलं, उपयोग शून्य. करता करता बोर्डावर दोघींची एकेक सोंगटी उरली आणि पाळी आली बिलकिसची. तिचा हात थरथरत होता. थरथरू दे मेला, म्हणाली मनात, आणि मारला फटका. सोंगटी गेली!

काय तो गलका! मैनुद्दीनभाई खुर्चीवर चढून नाचले.

हात मिळवताना कुसुमताईंनी हळूच विचारलं, “खरं सांगा, मला हरवायला म्हणालात?”

“अल्लाची शपथ, नाही! आणि तुम्ही?”

“छे हो! मनापासून आवडला हात, म्हणून बोलून गेले. आमच्याकडे असं तोंडावर म्हणत नाहीत कुणी.” त्या उगाच स्ट्रायकर पुसायला लागल्या. “इतकी वर्षं खेळतेय, पण मलासुद्धा आज पहिल्यांदाच कुणी म्हटलं.”

एवढ्यात मैनुद्दीनभाई धापा टाकत आले. पोरीला काहीतरी छान बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण सवयच नाही, शब्द सुचेना. नुसतेच रडायला लागले.

“डोळे पुसा आधी,” कुसुमताई त्यांना म्हणाल्या. “तालीम अर्धीच झालीय हिची. राज्य स्पर्धेला बाहेरगावची माणसं येतात, चांगलं खेळलं की चांगलं म्हणतात. एका शब्दानं अशी कोसळली तर कसं व्हायचं? उद्यापासून मी येते तुमच्या दुकानात. समोर बसून रोज अर्धा तास हिचं कौतुक करीन.”

मग चष्मा सरळ करत, बिलकिसकडे न बघता म्हणाल्या, “आणि अर्धा तास हिनं माझं करायचं.”