कोऱ्या कागदाचा कर्करोग

"पेटवा तुमचा लायटर, टीडेमानबाई," प्राध्यापक रॉयस म्हणाले. "पाहुण्यांची जरा करमणूक होऊ दे."

फ्राउके टीडेमानने हेलियमची तोटी सोडली. काचेच्या नळीच्या टोकाशी प्लाझ्माची जांभळट ज्योत उमटली. बोट धरलं तरी ती भाजत नसे. जिथे लागे तिथले रेणू प्रभारित होऊन सुटत आणि शेजारचं यंत्र त्यांचं वजन सांगे. तीन वर्षं खपून तिने हे साधन बनवलं होतं. आज ते नापास झालं, तर ते भंगारात जाणार होतं आणि शुक्रवारी तिची नोकरीही.

बर्लिनहून आलेले परीक्षक डॉक्टर हार्म्स वही उघडून बसले. डोक्यावर चकचकीत टक्कल, तोंडात शब्द मोजके.

रॉयस यांची सगळी कीर्ती एका आकड्यावर उभी होती. कर्करुग्णांच्या, कागदावर टिपून वाळवलेल्या रक्तात त्यांना दोनशे दहा वजनाचं काहीतरी सापडलं होतं. निरोगी रक्तात ते नव्हतं. त्याचं नाव शोधणं हे कारकुनाचं काम, असं ते म्हणत.

"रुग्णांचे रक्ताचे कागद मी स्वतः करतो, याच हातांनी," त्यांनी हार्म्सना सांगितलं. "निरोग्यांचे पोरं करतात, हातमोजे घालून. मोजे धांदरटांना लागतात."

त्यांनी दाट रुपेरी केस मागे सारले, पाकिटातून एक कोरा कागद काढला आणि ज्योतीपुढे धरला.

"सांगा, काय आहे यात?"

पडद्यावर एकच उंच रेघ उठली.

"दोनशे दहा," फ्राउके म्हणाली.

"अरेरे! कोऱ्या कागदाला कर्करोग!" रॉयस खो खो हसले. "हार्म्स, याच्या घरच्यांना कळवायला हवं. अहो बाई, तुमची शेगडी स्वतःचाच मळ ओकतेय!"

त्याच पाकिटातला दुसरा कागद फ्राउकेने चिमट्याने उचलून ज्योतीपुढे धरला.

पडदा सपाट.

"बघा, लहरीपणाही आहे अंगात," रॉयस म्हणाले.

"पहिला कागद पुन्हा लावा," हार्म्स प्रथमच बोलले. "आणि त्या दोनशे दहाच्या रेणूचे तुकडे पाडून त्यांची वजनं दाखवा."

तिने पाडले. "एकशे त्र्याण्णव. एकशे चौसष्ट."

हार्म्सनी वही मिटली आणि टकलावरून सावकाश हात फिरवला.

"औषध कारखान्यात होतो तेव्हा केस उगवायच्या औषधाचे हेच आकडे रोज बघायचो. आता तेच औषध सहा वर्षं रोज सकाळी डोक्याला चोळतोय. तुम्हाला मात्र झकास लागू पडलंय, प्राध्यापकसाहेब."