दुसरं बारसं

कानात यंत्र घालून महिना झाला, तेव्हा ते नीट लागलंय का हे पाहायला सहा महिन्यांच्या मृण्मयीला दवाखान्यात आणलं. बाळाला काही विचारावं लागत नसे. डोक्याला चिकटवलेल्या तारा सगळं सांगत. आवाज मेंदूपर्यंत पोचला की पडद्यावर हिरवी रेघ उठे, आणि बाळाने आपलं नाव ओळखलं की पिवळी.

हाक मारायचा मान आत्याचा, म्हणून वासंतीआत्या पुढे सरसावली. बारशाला तिने कानात केलेलं कुर्र वायाच गेलं होतं. ती रुखरुख आज जाणार होती. आईच्या मांडीवरच्या बाळाकडे वाकून ती म्हणाली, "कुर्र… मृण्मयी!"

हिरवी रेघ उठली. पिवळी जागची हलली नाही. आत्याने आणखी तीनदा हाक मारून पाहिली.

"ऐकू छान येतंय," डॉक्टर तांबोळी म्हणाले. "नाव मात्र तिच्या ओळखीचं नाही."

आत्याचा चेहरा पडला. तिने बाळाच्या गालावरून हात फिरवला, आणि महिनाभर घरात येणारा-जाणारा प्रत्येकजण जे म्हणत होता, तेच तिच्याही तोंडून निघालं, "बिचारी!"

पिवळी रेघ ताडकन उभी राहिली.